बिनवासाची गल्ली

ही गोष्ट मी आजवर कुणाला आपणहून सांगितली नाय. गल्लीतले लोक सांगतात, पण ते मीठमसाला लावून सांगतात. म्हणून म्हणलं, एकदा माझ्या तोंडून ऐका. चहा उकळतोय तोवर सांगतो. फक्त हसायचं असेल तर शेवटी हसा, मधी नको.

तर मी शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझं काम एकच, कुणी म्हणलं माल चांगला आहे की विश्वास ठेवायचा नाय. पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, जरा शंका आली की लाल शिक्का मारायचा. रिजेक्ट. बावीस वर्षं हेच केलं. आता तुम्हीच सांगा, असा माणूस संध्याकाळी घरी येऊन एकदम भोळा कसा होणार? मी टरबूज घ्यायला गेलो तर चार वाजवून बघतो, पाचवं घेतो, अन् घरी आल्यावर म्हणतो पहिलंच बरं होतं. आमची सुनंदा विचारते, "मला कसं काय पास केलं मग?" मी म्हणतो, तवा मी ट्रेनिंगला होतो.

तर ती कोरोनाची दुसरी लाट. कंपनीत एक आठवडा ड्युटी, एक आठवडा घरी. अन् घरी रिकामा बसलेला संशयी माणूस म्हणजे काय असतो ते सुनंदाला विचारा.

समोर काळे गुरुजी राहतात, रिटायर हेडमास्तर. रोज सकाळी पेपर आला की त्यांच्या गेटातून ते अन् माझ्या गेटातून मी, असा आमचा सामना सुरू व्हायचा.

"गुरुजी, कालचा आकडा बघितला का? दाबलाय."

"दाबलाय कसला, फुगवलाय. शिंकला की मोजला."

"लोकं लपवतात गुरुजी. आत दोघं आडवे पडलेले, अन् दारात येऊन सांगतात, पाहुणे आलेत, झोपलेत."

"अन् तुला घरबसल्या कसं कळतं रे दत्ता?"

"कळतं."

कळत काय नव्हतं. पण एकदा 'कळतं' म्हणलं की मागं कसं जायचं?

लसीचंही तसंच. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात जाऊन घेतली. मी म्हणलं, "बरं झालं. तुम्ही माझं सॅम्पल. महिनाभर बघतो, मग माझं ठरवतो." तेव्हापासून गुरुजी रोज सकाळी गेटात उभं राहून दोन्ही हात वर करून दाखवायचे, "सॅम्पल चालू आहे हो." मला खरं सांगायचं तर लसीची गरजच वाटत नव्हती. देवगाव रंगारीच्या मातीत वाढलेलं अंग, विहिरीचं गाळलेलं-न गाळलेलं सगळं पाणी पिलेला माणूस मी. माझी इम्युनिटी काय बाटलीतून आलेली नाय, असं मी छाती ठोकून सांगायचो. सुनंदानं मला न सांगता जाऊन टोचून घेतली. मी दोन दिवस तिच्याकडं टक लावून बघत बसलो, काय होतंय का. तिसऱ्या दिवशी ती लाटणं घेऊन उठली, मग बघायचं बंद केलं.

आता आमच्या भिंतीला भिंत लागून सलीमभाई. मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे त्यांचं, वीस वर्षांचा शेजार. माझी पाण्याची मोटार त्यांनी इतक्या वेळा भरून दिलीय की तिच्यात माझं आता काय राहिलेलं नाय. त्यांची नाझनीन माझ्या डोळ्यासमोर रांगली, चालली, मोठी झाली. तिचा निकाह सोयगावच्या पोराशी ठरला होता, अन् लॉकडाऊनपायी दोनदा पुढं ढकलला होता. आता शुक्रवारची तारीख. मोजक्या माणसांची परवानगी. मुलाकडच्यांनी स्पष्ट कळवलं होतं, तिसऱ्यांदा पुढं गेलं तर आम्ही दुसरीकडं बघू. सलीमभाई महिनाभर एकच बोलायचे, "बस, जुम्मे तक गली में कुछ ना हो भाईजान." गल्लीत पेशंट निघाले की ती बंद करायला तोंडाला पत्रे लागायचे, अन् पत्रे लागले की परवानगी गेली.

अन् त्याच आठवड्यात मी गल्लीची तपासणी काढली.

पद्धत माझी स्वतःची. माणूस खोटं बोलतो, पेपर खोटं बोलतो, पण संध्याकाळची फोडणी खोटं बोलत नाय. घरात आजारपण असलं की चूल मंदावते, नुसता भात अन् वरणाचं पाणी. म्हणून रोज सातला मास्क हनुवटीवर घेऊन मी प्रत्येक दारापाशी थांबायचो अन् दमदार वास घ्यायचो. चौदा घरं. गुरुजींकडं लसूण, जाधवांकडं ठेचा, सलीमभाईंकडं कांदा लाल होतोय. सोमवारी चौदाच्या चौदा घरं पास.

मंगळवारी तीन घरांतून वासच आला नाय. म्हणलं, आलं का बाहेर?

बुधवारी नऊ घरं गार. जाधवांच्या दारापाशी तर मला ठसका लागला, डोळ्यातून पाणी आलं, पण वास म्हणाल तर नाव नाय. मी तिथून पळालोच. म्हणलं, यांच्या दारातल्या हवेतच आलाय कोरोना. आत त्यांची म्हातारी तव्यावर मिरच्या भाजत होती, हे मला नंतर कळलं.

त्या रात्री ताटात शेपूची भाजी होती. शेपू! जिचा वास आला की मी आठवडाभर गावाला जायची भाषा करतो. मी मुकाट दोनदा वाढून घेतली. सुनंदा माझ्याकडं बघत राहिली.

"आज काय झालं तुम्हाला?"

"भाजी कुठून आणलीस? बोगस आहे. शेपूला वासच नाय. बियाण्यातच भेसळ झालीय."

"अख्खं घर घमघमतंय."

"तू लस घेतल्यापासून तुला जास्तच वास यायला लागलेत," मी म्हणलं. त्यावर ती काय बोलली ते चहाच्या वेळी सांगण्यासारखं नाय.

गुरुवारी सगळी गल्ली गार. चौदाच्या चौदा. माझे हातपाय थरथरायला लागले. मला वाटलं भीतीनं. अंगही तापल्यासारखं वाटत होतं, ते मी संतापाच्या खाती टाकलं. अख्खी गल्ली आजारी, अन् सगळे माझ्यापासून लपवतायत, एकानं तोंड उघडू नये?

तेवढ्यात सलीमभाईंनी अंगणातून हाक मारली. उद्याच्या खलियाचा, म्हणजे निकाहच्या मटणाच्या रश्श्याचा, मसाला भाजून तयार होता. मोठी देगची, खाली विस्तव.

"भाईजान, इधर आओ, ज़रा सूंघ के तो देखो."

मी देगचीत खांद्यापर्यंत डोकं घातलं. जोरात श्वास ओढला. काहीच नाय. नुसती गरम हवा.

वर बघितलं तर सलीमभाईंचा चेहरा उजळलेला. "कैसा है?"

"लई भारी," मी म्हणलं, अन् घरी आलो. काय काय आलं डोक्यात म्हणून सांगू. हा माणूस नुसती रिकामी देगची गरम करून मला फसवतोय. आत बायामाणसं आजारी आहेत, अन् बाहेर मसाल्याचं नाटक चालू आहे. सोयगावहून पाहुणे येणार, आजार घेऊन जाणार. एकीकडं नाझनीन, तिच्या मेंदीची तयारी खिडकीतून दिसत होती. दुसरीकडं लोकांचे जीव.  अर्धा तास फोन हातात घेऊन बसलो. मग लावला, आरोग्य केंद्राला.

"मॅडम, आमच्या गल्लीतली चौदाच्या चौदा घरं पॉझिटिव्ह आहेत. लपवलंय."

तिकडची सिस्टर दमलेली वाटत होती. "कशावरून म्हणता?"

"वासावरून. कुणाच्याच घरातून वास येत नाय."

 ती म्हणाली, "तुमच्या घरातून येतो का?"

"आमची भाजी बोगस आहे, म्हणून नाय येत."

"साबणाचा येतो?"

"साबणात आता पहिल्यासारखा माल कुठं राहिलाय मॅडम?"

"अगरबत्तीचा?"

"ती चांगल्यातली आणली होती," मी म्हणलं, "पण दुकानदारानं फसवलं."

"बरं," ती म्हणाली. "तुमचं नाव अन् पत्ता सांगा."

"माझं नाव कळता कामा नये कुणाला."

"नाही कळणार. पण तुम्ही आता घराबाहेर पडू नका. मास्क वर घ्या."

मास्क खाली आहे हे तिला फोनवर कसं कळलं, याचाही मला रात्रभर संशय येत राहिला.

शुक्रवारी सकाळी नऊला गाडी आली. पांढरे सूट घातलेली तिघं उतरली. मी गेटातच उभा. मनात म्हणलं, आता कळेल गुरुजींना. अन् उत्साहाच्या भरात मीच हात करून ओरडलो, "मॅडम, सुरुवात तिकडून करा, कोपऱ्यापासून!"

सगळ्या गल्लीनं माझ्याकडं बघितलं. बोलावणारा कोण ते कळायला आता काय राहिलं होतं?

पण सिस्टर कोपऱ्याकडं गेलीच नाय. सरळ माझ्या गेटात आली. "बसा काका. मान वर करा." ज्या नाकावर माझा एवढा भरवसा, त्याच नाकात तिनं कांडी घातली. पंधरा मिनिटं झाली. तिनं पट्टी बघितली, मला दाखवली. दोन रेघा. मी म्हणलं, "पट्टीच्या लॉटमध्ये गडबड असेल, दुसरी घ्या." तिनं दुसरी घेतली. दोन रेघा.

"आता सांगा," ती म्हणाली, "चार दिवसांत कुणाकुणाच्या जवळ गेला होता?"

काय सांगणार होतो? चौदा दारं. मास्क हनुवटीवर. एकेकाचं नाव माझ्याच तोंडून घ्यावं लागलं.

"सगळ्यात जवळ?"

"काल संध्याकाळी," मी म्हणलं, "सलीमभाईंच्या देगचीत डोकं घातलं."

सलीमभाई तिथंच उभे होते, नवा कुर्ता घालून. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आत जाऊन सगळ्यांना बाहेर घेऊन आले. नाझनीन आली, कोपरापर्यंत मेंदी. ती एवढंच म्हणाली, "चाचा, मुझको पूछ तो लेते एक बार."

गल्ली रांगेत उभी राहिली. मला कोविड सेंटरला न्यायला गाडीत बसवलं होतं, तिथून मी काचेतून बघत होतो. बघा, वर्षभर मी म्हणत होतो आकडा दाबलाय, खरा आकडा मोठा आहे. त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडून म्हणलं, देवा, आकडा लहान येऊ दे. एवढा लहान की गुरुजी जिंकतील.

जाधव निगेटिव्ह. गुरुजी निगेटिव्ह. सुनंदा निगेटिव्ह, तरी तिला घरातच राहायचं सांगितलं. सलीमभाई, त्यांची बायको, एकेक करून सगळे निगेटिव्ह. शेवटी नाझनीन. सिस्टरनं पट्टी उन्हात धरली तेवढा वेळ मी काचेला नाक लावून होतो. मग तिनं मान हलवली, नाय म्हणून. मी गाडीत हुंदका देऊन रडलो, अन् ड्रायव्हरला वाटलं पेशंटला धाप लागली.

पत्रे लागले, पण नुसते माझ्या गेटाला. सलीमभाईंनी सोयगावला फोन करून सगळं खरं सांगितलं. निकाह झाला, गच्चीवर, उघड्या हवेत, नवरदेव अन् घरचे चौघं. देगचीतला मसाला मात्र सगळा फेकावा लागला, अन् त्यांनी लगेच नव्यानं भाजला.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गुरुजींचा फोन. "दत्ता, पेपर बघितलास? आपल्या गल्लीचा आकडा एक. दाबलाय का फुगवलाय?"

"बरोबर आहे गुरुजी."

"अन् सॅम्पल पास झालं बरं का. चेकरच फेल गेला."

लस मी पुढं आजारानंतरची मुदत भरली त्या दिवशी घेतली, रांगेत पहिला. पण ते नंतरचं. आधी तो डबा.

पाचव्या दिवशी सलीमभाईंनी सेंटरच्या गेटावर डबा ठेवला. नान अन् खलिया, माझ्यासाठी वेगळा शिजवलेला. एवढं करूनही या माणसानं मला वाढलं. मी डबा उघडला, रस्सा लालभडक दिसत होता. नाक अजून ठप्प, जिभेला तर भिंतीचा चुना अन् खलिया एकच. पण त्याला काय म्हणायचं? एकदा मसाला वाया घालवला त्याचा, आता दुसऱ्यांदा कसा घालवणार?

फोन वाजला. "कैसा है भाईजान? सच बोलना."

"सलीमभाई, काय सांगू. डबा उघडला अन् अख्ख्या वॉर्डात घमघमाट. नाक एकदम मोकळं झालं माझं. अन् मीठ, मीठ तर असं बरोबर पडलंय, चिमूट इकडं नाय की तिकडं नाय."

 मग मागून सुनंदाचा आवाज ऐकू आला, भिंतीपलीकडून विचारत होती, काय म्हणले म्हणून.

सलीमभाई हळूच म्हणाले, "भाईजान, भाभी बोले तुमको बीपी है. मैंने नमक डाला ही नहीं."

मी डब्याचं झाकण लावलं.

"और पाँच दिन रहो अंदर," ते म्हणाले. "माल अभी रिजेक्ट है."