पाचांच्या मागची सहावी

माझ्या मुलीच्या तोंडात उजवीकडे खाली एका दाढेची जागा रिकामी आहे. ती दाढ किडीनं खाल्ली, असं घरात सगळे म्हणतात. मी गप्प बसते, कारण किडीपेक्षा माझाच वाटा त्यात जास्त आहे. आणि मी कोण? तर इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेची पहिली-दुसरीची बाई, शिवाय त्या शाळेच्या ‘स्वच्छ दात’ उपक्रमाची प्रमुख. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, तेव्हा हसा खुशाल.

उपक्रमप्रमुख कसं होतात ते आधी सांगते. वरून कागद येतो. हेडमास्तर तो वाचतात आणि सगळ्यांकडे बघतात. सगळे झटकन खाली बघतात. ज्याची मान वाकायला उशीर होतो, तो प्रमुख. माझ्या मानेला पहिल्यापासून हा दोष आहे, त्यामुळे झाडं लावणं, हात धुणं आणि दात घासणं ही तिन्ही खाती माझ्याकडं आहेत.

दर सोमवारी पोरं ब्रश घेऊन मैदानावर रांगेत उभी राहायची. मी फोटो काढायचे आणि वर पाठवायचे. नळाला पाणी नसायचं, म्हणून मी ओरडून सांगायचे, “पेस्ट लावू नका रे, नुसता तोंडाजवळ धरा!” एका पोरीनं तर घरातला केसांना कलप लावायचा ब्रश आणला होता. तोही फोटोत आला. वरून शेरा आला, ‘उत्कृष्ट’. ज्याचे दात सगळ्यांत स्वच्छ त्याला बक्षीस द्यायची कल्पनाही माझीच. बक्षीस काय? चॉकलेट. कप्पाळ माझं! पण तेव्हा ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही.

वऱ्हांड्याच्या भिंतीवर मी एक हसरा दात रंगवला होता. त्याला हात, पाय, हातात ब्रश. तो हसतोय हे कळावं म्हणून त्याला दातही काढले होते. दाताला दात! एका अधिकाऱ्यानंही कधी विचारलं नाही. खाली माझ्या सुवाच्य अक्षरात दोन ओळी होत्या. ‘दुधाचे दात पडतात, काळजी नको. नवे दात येतात, त्यांना जपा.’ त्यातल्या पहिल्या ओळीवर माझा फार जीव होता.

त्या जूनमध्ये दुसरीतल्या एका मुलीची आई मधल्या सुट्टीत शाळेत आली. शेतात भांगलणीला, तण काढायला निघाली होती, कमरेला खुरपं तसंच होतं. लेकीला तिनं माझ्या टेबलापुढं उभं केलं आणि तिची हनुवटी धरून तोंड उघडलं.

“बाई, हिच्या दाढंला काळं पडलंय. कुणाला दावू?”

मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. डबा खात होते. लांबूनच बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, “अहो, दुधाची आहे. पडेल आपोआप. भिंतीवर लिहिलंय बघा.”

“मला वाचाया येत न्हाई, बाई. पर ही दुधाची न्हाई.”

“कशावरून?”

“हिचं म्होरचं चार पडलं. ते माज्या हातानं कौलावर टाकल्यात. आन ही दाढ पार मागनं आली, गेल्या साली. आवं, दुधाचं पडायच्या दिसांत दुधाचं नवं कशाला यील?”

मी घास गिळला. वर हसलेसुद्धा.

तिनं आपला पंजा पसरून माझ्यापुढं धरला. “हाताला बोटं पाच, तसं दुधाचं एका अंगाला पाच. धाकटीचं बी मोजलं म्या, पाचच हायती. ही सहावी हाय. माजं म्हायेर म्हसवडकडचं, आमच्यात खिलार जनावरं. बैल घ्यायचा तर आदी जबडा उघडून बघत्यात. दोन दाती हाय का चार दाती, त्यावरनं वय पोरासोरांना बी कळतं.”

“मग आता आम्ही बैलाच्या दातांवरून पोरांना शिकवायचं का?” मी म्हटलं. सगळी स्टाफरूम खदाखदा हसली. आम्ही साऱ्यांनीच त्या दिवशी दात काढले. पुढं खरोखरीचा कुणाचा काढावा लागला, ते सांगतेच.

ती बाई चिडली नाही. “बरं,” म्हणाली, लेकीच्या तोंडावरून पदर फिरवला आणि गेली. मी डबा संपवला.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या शाळेवर माझा एवढा विश्वास, की माझी मुलगी इस्लामपुरातल्या इंग्रजी शाळेत जाते. तेव्हा ती साडेसात वर्षांची होती. पुढचे दात पडून नवे येत होते, पडलेला प्रत्येक दात ती नेमानं गच्चीवर फेकायची आणि नव्याची वाट बघायची. दिवाळीच्या आधीपासून “मम्मी, मागं दुखतंय” सुरू झालं. मी बघितलं, खाली उजवीकडे मागे काळा ठिपका. मी म्हटलं, दुधाची आहे, पडेल. सासूबाई तोंडात मशेरीचं बोट घालून न्हाणीच्या दारात बसल्या होत्या. त्याही म्हणाल्या, “दुधाची हाय गं, पडंल की.” लग्नाला दहा वर्षं झाली, पण आम्हा सासूसुनेचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हायची ती पहिलीच वेळ. त्यामुळे ते मोडावं असं कुणालाच वाटलं नाही.

मग लवंग झाली. लवंगेचं तेल झालं. नवरा फौजेत आहे, त्यानं व्हिडिओ कॉलवर “आ कर बेटा” म्हणून तिकडून तपासणी केली आणि “फर्स्ट क्लास” असा शेरा दिला. वरून शेरे येण्याची आमच्या घराण्याला सवयच आहे. पोरगी डावीकडून चावायला शिकली. भाकरीचा कडक पापुद्रा ताटाच्या कडेला ठेवायला लागली, तर मी तिला अन्नाची किंमत यावर भाषण दिलं.

आणि रोज झोपताना दूध. दुधात दोन चमचे साखर, कारण कारखान्याची सभासदांची साखर पोतंभर घरात असते, ती काय उशाला घेऊन झोपायची? दूध पिऊन पोरगी तशीच अंथरुणात. दात सकाळी घासायचे असतात हे कुणाला सांगायला लागतं का! माझ्या भिंतीवरच्या दाताच्या मागंसुद्धा मी उगवता सूर्य काढला होता.

जानेवारीत आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात दंत तपासणीचं शिबिर झालं. डेंटल कॉलेजमधून एक तरुण डॉक्टरीण आली होती. मुलीच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी, म्हणून मी तिला बरोबर आणलं होतं. पोरं खुर्चीत बसायला घाबरत होती, तेव्हा मला स्फूर्ती झाली. म्हटलं, “हिच्यापासून सुरू करा. उपक्रमप्रमुखाची मुलगी आहे, बाकीच्यांना कळू दे स्वच्छ दात कसे असतात.” फोटोसाठी मोबाईलही काढून ठेवला.

डॉक्टरणीनं तोंडात आरसा घातला. मग बॅटरी घेतली. मग पुन्हा आरसा घातला. मी बटणावर बोट ठेवून उभी.

“कधीपासून दुखतंय हिचं?”

“दिवाळीपासून,” मी म्हटलं. “पण दुधाची आहे ना ती?”

“नाही मॅडम. ही कायमची आहे. सहाव्या वर्षी पाच दुधाच्या दातांच्या मागं येते. काही न पडता येते ना, त्यामुळे आलेली कळतच नाही कुणाला.” मग तिची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. तिनं दोन्ही ओळी शेवटपर्यंत वाचल्या आणि पुन्हा मुलीकडं वळली. “रात्री काय खाते?”

“दूध. साखर घालून.”

“आणि नंतर ब्रश?”

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. सगळी शाळा ऐकत होती. तिनं समजावून सांगितलं. रात्री घासल्याशिवाय झोपू द्यायचं नाही, घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानं स्वतः घासून द्यायचे, नवी दाढ आली की लगेच आणून दाखवायची. आवाज न चढवता सांगितलं. मी वर्गात ज्या सुरात पोरांना सांगते, त्याच सुरात.

रांगेत पुढं ती दुसरीतली मुलगी होती, आणि मागं तिची आई. डॉक्टरणीनं बघितलं आणि खूश झाली. “अरे वा, ही दाढ वेळेवर भरून घेतलीय. कुठं नेलं होतं?”

“सांगलीला, सरकारी दवाखान्यात. शिमिट भरलं. आता काय बी दुखत न्हाई.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

मला वाटलं, आता ही बैल काढणार, खुरपं काढणार, माझा डबा काढणार. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “ह्या बाईंनीच तर लिवलंय की भिंतीवर. नव्या दाताला जपा म्हून. पोरीनं वाचून दावलं मला.”

ती टोमणा मारतेय असंच मला आधी वाटलं, कारण तिच्या जागी मी असते तर मारलाच असता. पण तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. माझी पोर अजून तिथंच गाल धरून उभी होती, ते बघून तिनं मला वाचवलं होतं. जी ओळ मी नुसती शोभेला लिहिली होती, ती तिनं लेकीकडून वाचून घेऊन पाळली होती. मला त्या वऱ्हांड्यात रडू आलं. मी खडू आणायला जाते असं सांगून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पोरीला कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. वरून दाढेचं नुसतं टरफल राहिलं होतं, खाली मुळापाशी पू झाला होता. वाचवता येते का, हे त्यांनी खरंच खूप बघितलं. मग डॉक्टरीण म्हणाली, “दिवाळीत आणली असती तर भरून भागलं असतं.” दिवाळीत मी शाळेसाठी ‘दातांची दिवाळी’ नावाचा फलक रंगवत होते. दाढ काढली. पोरगी शूर, इंजेक्शनला तेवढी ओरडली. उठल्या उठल्या बोळा धरलेल्या तोंडानं तिनं दाढ मागून घेतली आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

घरी आल्यावर ती जिन्यानं वर गेली आणि दाढ गच्चीवरच्या पत्र्यावर फेकली. टणकन वाजली. “मोठी होती ना, म्हणून वाजली,” ती खुशीत म्हणाली. “आता नवी पण मोठीच येणार. कधी येईल?”

“येईल हं,” मी म्हटलं.

शाळेत एवढ्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगते, आणि घरी ते एक वाक्य मला दोन महिने पुरलं. रोज रात्री मी तिचे दात घासायचे, आता मीच घासते, आणि घासून झालं की ती आरशापुढं आ करून उभी राहायची. “अजून नाही आली,” म्हणायची. मग म्हणायची, “उद्या बघू.”

मार्चमधल्या एका रविवारी मी शाळेची भिंत पुसायला गेले. पोरगी रंगाचा डबा धरायला बरोबर. हसरा दात खरवडून काढला, पहिली ओळही काढली. तिथं एक मोठा पंजा रंगवला. पाच बोटांशेजारी पाच दुधाचे दात, आणि त्यांच्या मागं लाल रंगात एक दाढ. खाली लिहिलं, ‘मोजा. सहावी कायमची असते, ती पुन्हा येत नाही.’ ते गणित एका शेतावरच्या बाईचं आहे. अक्षर तेवढं माझं.

पोरीनं चित्रावर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग तेच बोट तोंडात घालून मोजलं. पाचवर थांबली. पुन्हा मोजलं. मग खालची ओळ वाचली, एकेक अक्षर लावत.

“मम्मी, माझी येणार नाही?”

“नाही गं राणी,” मी म्हटलं. “माझं चुकलं. मी मोजलंच नव्हतं.”

तिनं डबा खाली ठेवला. टोमणा नव्हता तो, तिला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली, “पण मम्मी, तू तर मोजायलाच शिकवतेस ना?”