हळद-चुन्याचं मैदान

आता हे सांगू की नको? सांगतोच! नाहीतरी आमच्या संघातले तीन-चार जण अजून वसमतमध्येच आहेत, ते तुम्हाला तिखटमीठ लावून सांगतील. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, आणि चहा गार करू नका.

आमचं हायस्कूल वसमतच्या बाहेरच्या वस्तीत. एका अंगाला शेवटची घरं, दुसऱ्या अंगाला हळदीची वावरं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. शाळेचे पत्रे गळायचे, फळा मधोमध तडकलेला. पण कबड्डी? आमचं नाव ऐकलं की समोरचा संघ आधीच गुडघे चोळायला लागायचा! फिरती ढाल हेडमास्तरांच्या टेबलावर इतकी वर्षं बसली होती, की ती फिरती आहे हे सगळे विसरूनच गेले होते.

आणि त्या वर्षी कॅप्टन कोण? अहो, मीच!

आमच्याकडे एक रीत होती. फायनलचं मैदान कॅप्टननंच आखायचं, दुसऱ्या कुणी चुन्याला हात लावायचा नाही. मी पोतं उघडलं तर चुना जेमतेम पाव घमेलं. दुसरा असता तर धावत सरांकडे गेला असता. मी कशाला जातोय? काकांकडे हळकुंडं ढोलात घालून घासायचे, खाली पिवळी भुकटी ढिगानं पडायची. दोन घमेली भुकटी आणली, चुन्यात कालवली आणि झकास रेषा मारल्या. मैदान कसं नव्या नवरीसारखं दिसायला लागलं.

"काय डोकं हाय रे तुहं!" पीटीचे सर म्हणाले. मी आणखी फुगलो. धूळ उडू नये म्हणून झारी घेऊन स्वतःच पाणी मारत सुटलो.

झालं! पाणी पडलं आणि डोळ्यांदेखत सगळ्या रेषा लालभडक. मैदानभर कुंकू!

नेमकी त्याच वेळी फायनलला आमच्यासमोर उतरणारी औंढ्याची मंडळी एसटीतून उतरून आत आली. त्यांचा कॅप्टन फाटकातच थबकला.

"अय, हे काय करून ठेवलं? करणी केली व्हय आमच्यावर?"

"आमी न्हाई खेळत!" त्यांचे सर कडाडले. "उचला रे पिशव्या. चला माघारी."

आता सांगा, कॅप्टन कशासाठी असतो? अशाच वेळेसाठी ना! मी छाती काढून पुढं झालो. पीटीच्या सरांनी माझा सदरा मागून ओढला. मला वाटलं, शाबासकी देतायत. मग ते समोर येऊन डोळे मिचकावायला लागले. मला वाटलं, सांगतायत, होऊ दे जोरात.

"पाव्हणे, थांबा!" मी म्हणालो. "ही करणी न्हाई, अन् कुंकू बी न्हाई. पाय मुरगळल्यावर तुमी काय लावता?"

"हळद-चुना."

"वल्ला केला का रंग कसा व्हतो?"

"लाल…"

"मंग? त्योच लेप हाय हा! मैदानाला लावला, एवढंच." असं म्हणून मी रेषेवरची चिमूट उचलून माझ्या घोट्याला चोळली. अख्खी गर्दी हसली. त्यांचा कॅप्टन आला, दोन्ही पायांनी रेषेवर नाचून खात्री करून घेतली, आणि पिशव्या खाली ठेवल्या. पीटीचे सर डोकं धरून कडुनिंबाखाली बसले. उन्हानं असेल, म्हटलं.

सामना काय रंगला म्हणता! शेवटी गुण बराबर आणि शेवटची चढाई माझी.

गेलो. कबड्डी कबड्डी कबड्डी… तिघांनी मिळून कमरेला मिठी मारली. तिघांना ओढत, फरपटत मी मध्यरेषेजवळ आलो. पाय लांब केला. रेषा वीतभरावर. टाच टेकवली की तिघं बाद आणि ढाल आमची! मैदानाबाहेरून हेडमास्तर ओरडतायत, "टेकव रे, टेकव!"

मी खाली पाहिलं. लाल कुंकू. त्याला पाय लावायचा?

देवाशप्पथ सांगतो, पाय आपोआप मागं आला. लहानपणापासून आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं, ते त्याच क्षणी आठवायचं होतं! बरं, पाय नाही तर नाही, हात तरी टेकवावा की नाही? हात मी जोडले! आणि तोंडातून 'कबड्डी'च्या जागी निघालं, "देवीमाय, माफ कर."

दम तुटला. शिट्टी वाजली. आमच्या टेबलावरची ढाल औंढ्याला निघाली.

लाजेनं मला मान वर करवेना. रडूच येत होतं. पीटीचे सर उठून आले.

"लेका, मी डोळे मिचकावून राहिलो व्हतो, कळलं न्हाई तुला? ते माघारी चालले व्हते. गेले असते, तर न खेळता ढाल आपल्याकडंच राहिली असती!"

तेवढ्यात त्यांचा कॅप्टन ढाल काखेत मारून निरोप घ्यायला आला. भला पोरगा. पाठीवर हात ठेवून मनापासून म्हणाला, "दोस्ता, तू समजावून सांगितलं म्हून आमी खेळलो. लई ग्वाड बोलतोस. आमच्या सरांना पटलं, समद्या पोरांना पटलं. पण तुलाच काहून न्हाई पटलं?"