किसनमामांचा गुडघा

अंबडच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. एका ओळखीच्या माणसानं तंबाखू मळता मळता सहज सांगितलं, "तुमचे किसनमामा गेले की! पंधरा दिस झाले. तुमाला ठावं न्हाई?" मला ठाऊक नव्हतं. कुणी कळवावं असं मी काही ठेवलंच नव्हतं. हे सांगावं असं माणूसही उरलेलं नाही... आमच्या फुटबॉलच्या टीममधला आता मी एकटाच.

निजामाच्या राज्यात जालन्यातल्या मस्तगडची आम्ही पोरं अनवाणी फुटबॉल खेळायचो. किसनमामा राजूरकडचे, घरी मेंढरं. पलटणीत चार वर्षं काढून, तिथं फुटबॉल शिकून आल्ते आणि जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले होते. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी पोरं मामाच म्हणायची. टॅकल शिकवायची त्यांची तऱ्हा निराळी. आम्ही समोरच्याच्या अंगावर धावून गेलो की ओरडायचे, "अरे येड्या, मेंढरू सुटलं तर त्याच्या अंगावर पडतोस का? वाक. येऊ दे त्याला. पायाकडं न्हाई, बॉलकडं बघ. बॉल जरा लांब गेला की मंग घाल पाय, बराबर!" तासभर नुसतं वाकून मागं सरकायला लावायचे. मांड्या भरून यायच्या, पण बॉल खरंच पायाशी यायचा, आणि मामा म्हणायचे, "शाब्बास रे रघ्या!" त्या शाब्बासकीसाठी मी जीव टाकायचो.

म्हणूनच औरंगाबादच्या मॅचला त्यांनी मला वगळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "लई जल्दी करतोस तू," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरावात स्वतः बॉल घेऊन मला बोलावलं, "ये, काढ माझ्याकडून." ते वळले, आणि मी मागून, बॉल सोडून, सरळ गुडघ्यावर लाथ घातली. चुकून नव्हे, जाणूनबुजून. तो आवाज अजून कानात आहे... पोरं धावत आली, तर दात आवळून म्हणतात कसे, "खड्ड्यात पाय गेला रे." मी गप्प राहिलो. पाय कायमचा अधू झाला, आणि मी मैदानाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. पुढं पोलीस ॲक्शन झाली, पोरं पांगली, मला अंबडच्या कोर्टात कारकुनी मिळाली. एकदा जालन्याच्या बाजारात मामा लंगडत समोरून येताना दिसले, तर हा मर्द गडी कापडाच्या दुकानात लपला! लाज वाटते लिहायला. माफी मागायला दोन शब्द लागतात. मला उभा जन्म पुरला नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. मामी एकट्याच होत्या. दारातच सगळं सांगून टाकलं, की खड्डा नव्हता, मी होतो. मामी म्हणाल्या, "ठावं हाय मला. कवाच सांगितलं होतं त्यांनी. राग न्हाई धरला, बाबा. म्हणायचे, पोरगं भेलंय, येईल कवातरी. पाच वाजले की रोज एक कप चहा जास्तीचा टाकायला लावायचे."

मामी आत गेल्या, स्टोव्हचा आवाज आला... बाहेर आल्या तेव्हा हातात दोन कप होते. एक माझ्यापुढं ठेवला.

"घ्या," म्हणाल्या. "रोज फेकावा लागतो."