मुखरूले शपथ द्याचं राहून गेलं

आमच्या पिंटूचे बाबा, म्हंजे गावचे मुखरूभाऊ, भजनमंडळात गेले तवापासून मासोळीले हात लावत नाई. शेजारच्या घरून कालवनाचा वास आला तरी नाक दाबून बसते. आन त्याच मानसानं माह्या पान्याच्या घागरीत जित्या मरळी भरून आनल्या! सांगा, डोकं फिरन का नाई?

सत्त्याण्णव सालची ग्रामपंचायत. हे गुणवंतरावाच्या पॅनलचे, पोस्टर लावून लावून बोटाची सालं गेली. पॅनल पडलं. ढिवर मोहल्ल्याच्या, मासोळी इकनाऱ्या गुणाबाईनं दारोदार हिंडून समोरच्यायसाठी मतं मांगली होती, म्हून सारा राग तिच्यावर निंगाला. गुणवंतरावानं मार्कंड्याच्या जत्रेतून आनलेलं वैनगंगेचं पानी काढलं आन आपल्या लोकायले घरोघरी शपथ घ्याले लावली, का गुणाबाईची मासोळी घ्याची नाई.

आन तिची मासोळी घेनारे तेच. ढिवर मोहल्ला आपली आपन पकडते, तो कायले इकत घेईन? ती टोपलं घेऊन आली का बाया दार लावून घेत. मेल्यायनो, तिच्याच मरळीचा रस्सा पिऊन तुमच्या लेकी बाळंतपनातून उठल्या ना! शेवटी घराले कुलूप लावून आंध्रात मिरची तोडाले जातो म्हने ती.

आमच्या घरी मात्र शपथेचं पानी आलंच नाई. याच्या घरी मासोळी शिजतच नाई, याले कायची शपथ, म्हून गुणवंतराव हासत पुढच्या दारी गेला. यायनं तेच धरलं. दर बाजाराले गुणाबाईच्या मरळी इकत घेऊन घागरीत आनत आन आमच्या वावरातल्या बोडीच्या, म्हंजे लहान्या तळ्याच्या, पान्यात सोडून देत. मी बोंबलून राह्यली, घागर घासून राह्यली, यायले काई फरक नाई. गुणाबाईचं कुलूप मात्र लागलं नाई.

गुणवंतराव तनतनत आला, गद्दार म्हनला. हे खाटेवरून उठले बी नाई.

“शपथ तुमी घेतली, म्या नाई. तिनं मत चुकीचं देलं, हे मी तिच्या तोंडावर सांगतो. पन मत तिचं होतं. मी तिच्याशी भांडीन, तिची चूल कायले इझवू?”

तवा माहा राग यायच्यावरून उठला आन गुणवंतरावावर जाऊन बसला.

उन्हाळ्यात गावचा तलाव सुकला. आमच्या बोडीत गुडघाभर पानी उरलं, तवा यायनं गुणाबाईले जाळं टाकाले बलावलं. हातभर मरळी निंगाल्या. सारं गाव बोडीच्या पाळीवर. गुणवंतरावाची सून दामिनी बाळंतीन होती, तिले रस्सा पायजे होता. तो म्हने, शपथ गुणाबाईच्या मासोळीची हाये, ही तर मुखरूच्या बोडीतली, ही चालते. वा रे शहाण्या!

“म्या तर मासोळी सोडली हाये,” हे म्हनले. “ही सारी तिची. ज्याले पायजे त्यानं तिले मांगावं.”

गुणवंतराव चिखलाकडं पाहात म्हनला, “गुणाबाई, एक मरळ दे.”

तिनं सगळ्यात मोठी काढून त्याच्या हातात देली. “मत पुढच्या खेपेले बी तिकडंच देईन, भाऊ.”

तो मरळ घेऊन घराकडं निंगाला. हेच तिच्यावर उखडले. मतावरून भांडत भांडत दोघं गावात आले, आन तिचं ओलं जाळं यायच्या खांद्यावर होतं.