पाठीला पाठ

अन्याय माझ्या आईवर झाला. टाके काढले त्या सोमवारी सकाळी, लातूरच्या एका दवाखान्यात. मणक्याच्या ऑपरेशननंतरही डावा पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत जळतो, असं ती सांगत होती. डॉक्टर फिल्मकडे बघत म्हणाले, "मणका उत्तम आहे. दुखणं तुमच्या मनात आहे." पुढे तेच म्हणाले, दुसरं ऑपरेशन करावं लागेल. मनाचं करणार का, असं मी तोंडावर विचारलं.

भूकंपात आईच्या कमरेवर दगडी भिंत पडली होती. ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग तिच्या मुठीत होतं म्हणे. मग लातुरात येऊन क्लासच्या पोरांचे डबे करत तिनं मला वाढवलं. रोज सकाळी भुईवर मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा. त्याआधी पाण्याचा घोट नाही. ऑपरेशननंतर मांडी सुटली. खुर्चीवर बसून पूजा करताना ती परक्याच्या घरी आल्यासारखी अवघडायची. "पायाचं राहू दे, एकदा भुईवर बसू दे," एवढंच देवाजवळ मागायची. मी पत्रकं लिहिणारी, मोर्चे काढणारी. या देवाच्या नावानं निवेदन कुठल्या कचेरीत द्यावं, एवढंच मला कळत नव्हतं.

दुसरं ऑपरेशन करायचं की नाही हे विचारायला आम्ही नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहाटेच निघाल्यामुळे पूजा राहिली होती. नंबर येईना, ऊन चढलं, आई उपाशी. "मला खाली बसव," ती म्हणाली. टेकू नाही, भिंतीला बाकडी लागलेली. मी साफ नको म्हणाले. तेवढ्यात समोरची बुरख्यातली बाई उठली. देगलूरची होती, तीही पाठीसाठीच आलेली. तिनं आपली चादर फरशीवर टाकली आणि आईकडे पाठ करून बसली.

"टेका बिनधास्त. माझी बी पाठ कापलेलीच हाय. दोन अर्ध्या मिळून एक होईल."

"जोर लागंल की वो तुम्हाला," आई हसत म्हणाली.

"लागू द्या. तुम्ही तुमच्या त्याच्याशी बोला, मी माझ्या त्याच्याशी बोलते."

आई उजवा पाय मुडपून, डावा लांब सोडून बसली. लिंग तळहातावर आलं. पाठीमागं ती बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी लोकांना बाजूला व्हा म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि पाण्याची बाटली काढून आईजवळ ठेवली.

आत गेल्यावर सवयीनं मीच सुरू झाले. आईनं हात धरला. "तू थांब गं. पाय माझा हाय." आणि तिनं सगळं सांगितलं, कुठे जळतं, कसं बसलं की सुटतं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं, पाय तपासला. ताकद शाबूत आहे, नवीन एमआरआय करू, तोवर गोळ्या आणि व्यायाम. पाय लुळा वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर लगेच या, म्हणाले. आई म्हणाली, "मग आता ऑपरेशन नको. थांबते मी."

बाहेर आलो तर ती बाई गेलेली. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत राहिली. "नाव बी इचारलं न्हाई गं."

पाय अजून जळतो. रोज सकाळी मी तिच्या मागे पाठ लावून बसते. लिंग मला दिसत नाही, तिचा श्वास तेवढा पाठीला कळतो. कधी मधेच म्हणते, "ती कुठं असंल गं?" मला वाटतं, ती बाई हवीय की तिला पाठवणारा, हे आईलाही सांगता येणार नाही. कुणी पाठवलं होतं त्या बाईला, यावर मी आईशी वाद घालत नाही. घालता येतो, तरी नाही.

तुमच्या घरात कुणी दुखणं सांगत असेल तर हे वाचणं इथंच थांबवा. जाऊन त्यांच्या पाठीला पाठ लावा, काय होतंय विचारा, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नका.