यादीऐवजी गेलेलं रिंगण

चहा आधी संपवा, कारण हा किस्सा ऐकताना लोक माझ्याकडे बघत बसतात आणि कप गार होतो. माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मी जवळजवळ मोडलंच होतं. तेही कशानं? तर चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकानं. आता बोला.

तेव्हा कळंबला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळायच्या, मी त्यांत नवी तार भरून द्यायचो. गिऱ्हाईक नसलं की वाचायचं आणि वाचलेलं टिपून ठेवायचं, हा नाद. नारायणगावच्या रद्दीत मला जुन्या इंग्रजी नाटकांचा एक जाडजूड ग्रंथ मिळाला होता. डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज एक पान. काय दिवस होते हो ते. समोरून टोमॅटोच्या गाड्या जायच्या आणि मी आपला लंडनात.

आणि लंडनात काय चाललेलं? आपल्याकडचंच. चेटकिणी, ग्रह बघून मुहूर्त, शिशाचं सोनं करून देतो म्हणणारे भोंदू. खुद्द राजाही चेटकिणींना भ्यायचा. नाटकवाले हुशार, लोक ज्याला भितात तेच रंगमंचावर आणायचे. एका नाटकात तर एक महापंडित रिंगण आखून सैतानाला बोलावतो आणि रक्तानं करार करून आत्मा विकतो. ते रिंगण मी बेअरिंगभोवती पेन्सिल फिरवून एका फुलस्केपवर उतरवलं. कडेनं ग्रहांची चिन्हं, लॅटिन अक्षरं, सगळं जिथल्या तिथं.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या घरी मनीषाच्या लग्नाची यादी होती. मांडव कोणाचा, जेवण कोणाचं, मानाच्या साड्या किती, ते सगळं कागदावर घ्यायचं. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. मनीषाला मुलगा मनापासून आवडला होता. "मामा, तुम्हीच लिहा, म्हणजे काही चुकणार नाही," असं तिनंच सांगितलं होतं.

चुकू नये म्हणूनच मुलाकडच्या माणसांची पूर्ण नावं मी आधी कच्ची लिहून घेतली. कुठे? रिंगणाखाली जागा होती.

यादी लिहिली, वाचून दाखवली, घडी घालून डायरीत ठेवली. तिथे आधीचा कागदही तसाच घडी घातलेला. अक्कानं हात पुढे केला, मी एक कागद दिला. तिनं चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि तो मुलाच्या वडिलांच्या, तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पेठला नेऊन न उघडता देवापुढे ठेवला.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. "भाऊ, अक्काला घिऊन या. लगीच."

आम्ही जीपनं पेठला गेलो. घरात शिरलो तर पाटावर तो कागद उघडा आणि बाधा नको म्हणून त्यावर विळा ठेवलेला. पाटापासून चार हात लांब, भिंतीला टेकून तात्या आणि त्यांची थोरली बहीण गजराआत्या.

"पावणं, ह्ये अक्षर तुमचंच का?" तात्यांनी विचारलं.

"माझंच."

"अन् ह्ये काय हाय?"

चुकून दुसरा कागद आला, एवढंच म्हणायला हवं होतं. पण मंडळी, इतक्या वर्षांत माझ्या वाचनाबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी मांडी घालून बसलो.

"हे इंग्लंडातलं आहे. चारशे वर्षांपूर्वीचं."

"हितलं कुनी गावलं न्हाई, म्हून इलायतेवरनं करनी आनली?" आत्या म्हणाल्या.

"करणी नाही हो आत्या. नाटकातलं आहे. या रिंगणात उभं राहून सैतानाला बोलावतात."

"अन् खाली आमची नावं."

"ती फक्त अचूक असावीत म्हणून."

"ऐकलंस का तात्या? अचूक पायजेत त्याला."

अक्का मला चिमटे काढत होती. पण मला वाटलं, भीती घालवायची तर नीट माहिती द्यावी. "तेव्हाची माणसंही अशीच घाबरायची," मी म्हटलं. "अशी दंतकथा आहे, की एकदा सैतानाचं सोंग घेतलेले नट मोजले, तर एक जास्त भरला. खरा येऊन उभा राहिला होता म्हणतात."

आत्यांनी खोलीतली माणसं मोजायला घेतली. बोट माझ्यापाशी आलं आणि थांबलं.

"तात्या, पोरगी ग्वाड हाय," त्या म्हणाल्या, "पर असला मामा आसल तर ही सोयरीक नगं."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. तेव्हा कुठे मला कळलं, की आपण काय करून बसलो. घरी मनीषाला काय सांगायचं?

तात्या मात्र कागदाकडेच बघत होते. "पावणं, रिंगणातल्या त्या मान्साचं म्होरं काय झालं?"

"सैतानानं नेलं त्याला."

"का बरं?"

"फार शिकला होता," मी पुटपुटलो. "सगळी विद्या शिकून झाली, तरी हाव सुटेना."

तात्यांनी विळा बाजूला केला, कागदाची घडी घालून माझ्या हातात ठेवली आणि बहिणीकडे वळले.

"गजराअक्का, भिऊ नगं. त्यो लई शिकल्याल्यांनाच न्येतो म्हनत्यात. ह्या मान्सापायी कशाला यील त्यो हितं?"

पहिल्या हसल्या त्या आत्याच. मग अक्का, डोळे पुसत पुसत. मी खरी यादी काढून दिली. आत्यांनी ती दोन्ही बाजूंनी उलटून बघितली, उजेडात धरली, मगच देवापुढे ठेवली. लग्न ठरल्या दिवशीच झालं. मंगलाष्टकांना मामा म्हणून मी मनीषाच्या मागे उभा राहिलो, पण त्याआधी आत्यांनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला होता.

त्यानंतर तात्या कुठेही भेटले, तरी आवर्जून विचारायचे, "काय पावणं, आज काय वाचलंत?" आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. आता तात्या नाहीत. तसं विचारणारंही कोणी उरलं नाही.

वाचन मात्र सोडलेलं नाही. तेव्हापासून एक कपाटभर ग्रंथ संपवले. मला न्यायला अजून कोणी आलेलं नाही.