म्हातारी धावली नाही

"अहो, म्हातारीला एकदा पळवा, की मिटलं प्रकरण!"

"नाही पळवणार, साहेब. तिला पळता येत नाही."

दाराआडून हे भांडण ऐकलं आणि माझ्या हातातला चहा सांडता सांडता राहिला. बाहेर बसले होते माझे धाकटे दीर आणि त्यांचे साहेब. घरात म्हातारी म्हणावी अशी मी एकटीच.

भाऊजींनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. स्वभाव असा संशयी, की सायसुद्धा उलटून बघतील. आम्ही त्यांना शंकासुर म्हणायचो. पण त्या आठवड्यात शंका मला येत होती. मी ओट्यापासून दारापर्यंत गेले, की भाऊजी घड्याळ बघायचे. एकदा तर टेप घेऊन माझा गुडघा जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं. म्हटलं, वृद्धाश्रमाचा बेत दिसतोय.

शेवटी विचारलंच, "भाऊजी, कुठे पाठवताय मला?"

"गाडीखाली," म्हणाले, आणि हसत हसत मला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

गाडीने माणसाला धडक दिली, की ती कशी बसली ते पडद्यावर पुन्हा घडवून बघायचं, हे त्यांचं काम. एक शिवणकाम करणारी बाई रस्ता ओलांडताना गेली होती. माझ्याच वयाची, गुडघेदुखीवाली. गाडीवाला म्हणे, ती अचानक धावत आली. साहेब विमा कंपनीचे, भरपाई टाळायला त्यांनाही अहवालात तेच लिहून हवं होतं. तिची मुलगी मात्र एकच विचारत होती, चूक खरंच आईची का?

पडद्यावरची बाहुली धावली, धडकली आणि भलतीकडेच पडली. मग भाऊजींनी तिला माझी चाल दिली, उजवा पाय ओढत. ती पडली थेट बाई सापडली होती तिथेच.

"इतकी सावकाश येणारी बाई दिसायला त्याला भरपूर वेळ होता, वहिनी. त्याने बघितलंच नाही."

"आणि मला किती वेळा मारलंत?"

"सतरा."

अहवाल तसाच गेला. साहेबांनी पुढे त्यांना काम दिलं नाही. त्या बाईची मुलगी भेटायला आली तेव्हा मी चहा घेऊन बाहेर गेले. माझ्या पायांकडे बघत ती म्हणाली, "आई अशीच चालायची."

भाऊजी गेल्या वर्षी झोपेतच गेले. आदल्या सकाळी माझ्या गोळ्या आणायला निघाले होते. मी खिडकीतून बघत होते. रस्ता रिकामा, तरी थांबले, दोन्हीकडे संशयाने बघितलं, मग ओलांडला. परत आल्यावर गोळ्यांवरची तारीख वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.